इतिवृत्तावरची सही

ढोकी, रविवार, दिवेलागणीला

अजून राग उतरलेला नाही. आज लाल बावट्याच्या वाचनालयात दर रविवारचं वाचन होतं. मासिकात एका मास्तरणीची हकीकत आली आहे, ती मी वाचून दाखवली. तिच्या देशात कम्युनिस्टांचं राज्य. एक पुढारी मर्जीतून उतरला आणि शाळेला हुकूम आला, पुस्तकातला त्याचा धडा शाईनं काळा करा. तिनं केला. पण आधी मुलांकडून तो मोठ्यानं वाचून घेतला. एवढंच केलं बाईनं. तरी नोकरी गेली.

आमचा सेक्रेटरी वसंत उसळलाच. "अण्णा, म्हातारपणी भांडवलदारांची भाषा बोलायलाव व्हय?"

"वसंता, बाई खोटं बोलली का, तेवढं सांग."

"खरं-खोटं राहू द्या. आपल्या झेंड्याखाली असलं वाचायचं न्हाय."

आणि इतिवृत्ताच्या वहीत लिहून मोकळा झाला, की अण्णांनी शेतमजुरीवर लेख वाचला. वर म्हणतो, अध्यक्ष म्हणून सही करा. ज्याला 'कॉम्रेड' लिहायला मी शिकवलं, तो!

मी पेन खाली ठेवलं. मग त्यानं वाचनालयाची किल्ली मागितली. दिली. चाळीस वर्षं कमरेला होती.

बाईनं आधी मोठ्यानं वाचून घेतलं... आणि मी? त्या बाईसारख्या माणसांना एके काळी मीच फितूर म्हणायचो ना? तेही आज आठवलं, आणि जास्तच चिडलो.

अध्यक्षाच्या, म्हणजे माझ्या सहीशिवाय इतिवृत्त मंजूर होत नाही. उद्या वसंत घरी येणारच. चहा पाजीन, जेवायलाही बसवीन. सही देणार नाही.