किमची आंबत नाही

१२ नोव्हेंबर
पोचलो एकदाचे सेमगोलला! गावाच्या नव्या जलशुद्धीकरण केंद्राचा मी चालक. गाळणीवर चांदीचे अतिसूक्ष्म कण आहेत, ते पाण्यातले जंतू मारतात. वीज लागते नावापुरती, औषधाचा वास नाही. घरमालकीण बोक्सून आजी म्हणाली, सेऊलचा शहाणा आता आमच्या ओढ्याला शिकवणार! पण माझी बायको सेयोन सात महिन्यांची गरोदर आहे हे कळताच समुद्रशेवाळाचं गरम सूप घेऊन आली.

१९ नोव्हेंबर
अंगणात सगळी आळी जमली. हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचं आंबवलेलं लोणचं, मडक्यांत घातली, कोबी आमच्याच पाण्याने धुतले. आजी रोज पहाटे मडक्यांपाशी वाटीभर पाणी ठेवून जन्मदेवीची करुणा भाकते आणि तेच सेयोनला पाजते. नळाचं नको, पहिल्या धारेचं आण, असा तिचा हट्ट. म्हणून मी थेट गाळणीखालून कॅन भरून आणतो.

९ डिसेंबर
किमची आंबत नाही. कुणाचीच. कोबी काल चिरल्यासारखा करकरीत. आंबवायला उबदार खोलीत टांगलेल्या सोयाबीनच्या विटांवर एव्हाना यायला हवी ती बुरशीही नाही. आजीने झाकण आपटलं, मेल्या, पाण्यात काय कालवलंस म्हणाली. कालवलं नाही, सुटतंय. चांदी गाळणीतून सुटतेय. संचालक पांग साहेब फोनवर हसले. म्हणे, खेडवळांचं मीठ जास्त झालं असेल. उद्घाटन होईपर्यंत गाळणी बंद करायची नाही.

१४ डिसेंबर
सेयोनची नखं करडी झालीत. हिरड्याही. चांदी अंगात भिनलीय. पहिल्या धारेचं पाणी मीच आणत होतो! आता शेजारच्या गावाहून आणतो, ते ती ओकते. बाळ हलत नाही. डॉक्टर म्हणतात, ठोके आहेत, थांबा.

१७ डिसेंबर
उद्घाटन. पांग साहेबांच्या टेबलावर बाटलीबंद पाणी. का, विचारलं. म्हणे, सवय. हरामखोर! माहीत होतं त्याला. सगळं माहीत होतं. कॉलर धरली, लोकांनी सोडवलं.

१८ डिसेंबर
सेयोन चोरून नळाचं पाणी पिते. अडवलं तर चावली. बाळ हललं — लाथ नाही — पोटभर एकदम सरसर, वाळू सरकावी तसं. आजीने वाटी फोडली. रडतेय.

१९ डिसेंबर
केंद्रात आहे. गाळणी फोडणार, नोकरी गेली खड्ड्यात. पांगचा फोन वाजतोय, वाजू दे —
सेयोन आलीय. अनवाणी, बर्फातून. दारात आडवी उभी. पाणी बंद करू नकोस म्हणते —
नाही. तिचे ओठ मिटलेले आहेत. आवाज खालून, पोटा—