पोरांचे मासे

ओटाहुहू, ऑकलंड
२४ मे

ती. मेलेनाइतेताईस,
केलेपीचा नमस्कार.

मालो ए लेलेइ. तू आणि भावजी बरे असाल, आईचा गुडघाही आता कमी दुखत असेल. इकडे थंडी सुरू झाली आहे. सकाळी गाडीच्या काचेवरचं दव पुसल्याशिवाय निघता येत नाही. चर्चच्या गायनात मला पुन्हा मागच्या रांगेत घातलंय, आवाज घोगरा झालाय म्हणे. तू पाठवलेलं लू, अळूच्या पानांत बांधून शिजवलेलं मटण, मिळालं. अळूची पानं जराही काळी पडली नव्हती. त्या सोमवारनंतरही तू मला खायला पाठवलंस, ताई. गरम करून ताटात घेतलं आणि बराच वेळ नुसता बघत बसलो.

हे फोनवर सांगता आलं असतं, असं तू म्हणशील. पण बहीण-भावाने एकमेकांशी जपून बोलायचं ही आपली रीत. फोनवर मी ‘हो ताई, बरं ताई’ याच्या पुढे कधी गेलोच नाही. आज जे सांगायचं आहे ते तुझ्यासमोर बोलायला माझी जीभ रेटणार नाही, म्हणून लिहितो आहे.

तू मागे विचारलं होतंस, एवढासा खेळ करायला तुला इतके महिने का लागतात. खरं सांगायचं तर खेळ करायला वेळ लागत नाही, तो कशाने करायचा हे ठरवण्यात वेळ जातो. साध्या जावास्क्रिप्टमध्ये, ब्राउझरच्या स्वतःच्या कॅनव्हासवर, तयार कोडची एखादी छोटी लायब्ररी घेऊन केला तर तो कुठल्याही जुनाट यंत्रावर उघडतो. पण दिसतो साधा, सपाट. दुसरा मार्ग म्हणजे खेळ बांधायचं तयार, मोठं इंजिन. त्यात पाण्यावर उन्हाची तिरीप पडते, माशाच्या अंगावर खवले चमकतात. पण ते सगळं आधी इंटरनेटवरून ओढून आणावं लागतं आणि ते पेलायला यंत्रही दणकट लागतं.

तू शिकवतेस त्या बेटावरच्या शाळेतली यंत्रं कशी आहेत हे तू मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस. “दान आलेली आहेत, केलेपी. पंखा सुरू झाला की वर्गात बोललेलं ऐकू येत नाही. आणि पाऊस आला की इंटरनेट जातं.” तुझे शब्द मला अजून पाठ आहेत. तेव्हा माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

आणि जानेवारीत मी तुला जो पहिला खेळ पाठवला होता, तो साधाच होता. पोरांनी कागदावर काढलेले मासे तू फोटो काढून पाठवलेस, मी ते कापून पाण्यात सोडले. माशाला बोट लावलं की त्याचं आपल्या भाषेतलं नाव ऐकू यायचं, तुझ्याच आवाजात. तुझ्या वर्गातल्या लातूच्या माशाला माणसासारखे दात होते, आणि आणखी एकाचे दोन्ही डोळे एकाच बाजूला. तू कळवलंस की पोरं यंत्रापासून हलत नाहीत. तिथेच थांबायला हवं होतं.

पण त्याच सुमारास मी एका कंपनीत मुलाखतीला गेलो. खेळ बनवणारी कंपनी आहे. चकचकीत जागा, कॉफीचं यंत्रच आपल्या स्वयंपाकघराएवढं. काय केलंय दाखव म्हणाले, मी पोरांचे मासे दाखवले. समोरची बाई हसून म्हणाली, “गोड आहे,” आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. मग विचारलं, मोठ्या इंजिनात काही केलंयस का? मी म्हणालो, करतोय.

त्या ‘गोड’ने माझं डोकं फिरलं. घरी आलो आणि तुझ्या पोरांचा खेळ मोडून मोठ्या इंजिनात नव्याने बांधायला घेतला. तुला सांगितलं की आधीचा कच्चा होता, फाका-मेला, मे महिन्यातल्या पोरांच्या रविवारी, सगळे पाहुणे येतील तेव्हा चांगला तयार असेल. म्हणजे नोकरीसाठी नमुना मला हवा होता आणि नाव तुझ्या शाळेचं पुढे केलं.

पुढचं तू पाहिलंस. फाका-मेच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तू सगळ्यांना वर्गात बसवलंस. पाद्री, मुख्याध्यापक, राजधानी नुकुआलोफाहून बोटीने आलेल्या आया, पुढच्या रांगेत रविवारच्या नव्या कपड्यांत पोरं. तू बटण दाबलंस आणि पडद्यावर नुसतं चाक फिरत राहिलं. तू मला फोन लावलास आणि पोरांना मामाचा आवाज ऐकू यावा म्हणून तो स्पीकरवर ठेवलास. मला ते माहीत नव्हतं.

“केलेपी, नुसतं चाक फिरतंय रे.”

“थोडं थांब ताई, येईल.”

“किती थांबू? पोरं रडायला आलीत.”

माझ्या तोंडातून निघून गेलं, “मी काय करू? हेनेलीने ते इंजिन घ्यायला लावलं. आतेभावाला नाही कसं म्हणणार?”

तू एवढंच म्हणालीस, “बरं. मग काय बोलणार,” आणि फोन ठेवलास. लोसेआत्या त्याच वर्गात बसली होती हे मला नंतर कळलं. तिच्या मुलाचं नाव मी अख्ख्या गावासमोर घेतलं होतं.

ताई, हेनेलीने असं काही सांगितलंच नव्हतं.

त्याने उलट मला दटावलं होतं. या धंद्यात तो माझ्या आधीपासून आहे, मला पहिल्या ओळी त्यानेच लिहायला शिकवल्या. मी नवा खेळ दाखवला तेव्हा म्हणाला, “अरे शहाण्या, मासे पोहले म्हणजे झालं, चमकायला कशाला हवेत? जुनंच चांगलं होतं. हे तिकडे उघडणार नाही, लिहून घे.” मी म्हणालो, तुला काय कळतंय. आणि वेळ आली तेव्हा खापर त्याच्याच डोक्यावर फोडलं. कारण मला ठाऊक होतं, त्याला कुणी जाब विचारणार नाही. आत्याची मुलं आपल्या घरात फाहू. आपली चटई, आपलं डुक्कर, काय आवडेल ते त्यांनी उचलावं आणि आपण हसून द्यावं. त्यांना ‘का’ विचारायचं नाही, तूही विचारलं नाहीस. आपली रीत मी लपायला वापरली.

अजून एक राहिलं आहे, आणि ते लिहिताना मला सगळ्यात जास्त लाज वाटते. त्या दिवशी इंटरनेट धावलं असतं, चाक थांबलं असतं आणि खेळ उघडला असता, तरी त्यात पोरांचे मासे नव्हते. त्यांच्या वेड्यावाकड्या रेघा त्या पाण्यात शोभत नव्हत्या, म्हणून मी ते काढून टाकले आणि विकत मिळणारे तयार मासे सोडले. पोरं आपापला मासा शोधत बसली असती. ती रडायला आली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो सुटल्याचा. उघडलं नाही ते बरंच झालं, असं मला वाटलं. असा मी माणूस.

मुख्याध्यापकांनी संगणकाच्या खोलीला कुलूप घातलं, तू पुन्हा कुणाला काही दाखवायचं नाव काढत नाहीस, आणि लातू वर्गात गप्प असतो, हे आईने सांगितलं. तू मला एका शब्दाने बोलली नाहीस.

गेल्या रविवारी चर्चनंतर हेनेलीकडे गेलो. तो अंगणात ऊमूसाठी, म्हणजे जमिनीतल्या भट्टीत भाजायला, अळकुड्या सोलत होता. मी उभ्यानेच सगळं बोललो. त्याने मान वर केली नाही.

“माहीत आहे,” म्हणाला. “आईचा फोन आला होता. रडत होती. पोरांचा खेळ तू का रे बिघडवलास, म्हणून विचारत होती.”

“मग तू काय सांगितलंस?”

“हो म्हणालो. मीच सांगितलं होतं म्हणालो.”

“का?”

“का म्हणजे? तुमच्या घरातलं काहीही न्यायचा मला हक्क आहे ना? नेली ही चूक.” मग हातातली सुरी खाली ठेवून म्हणाला, “तुझ्या बहिणीला त्या गावात राहायचंय, केलेपी. सगळ्या आयांसमोर भाऊ खोटारडा निघाला, त्यापेक्षा आतेभाऊ मूर्ख निघाला हे तिला सोपं.”

मला रडू आलं. त्याने माझ्यापुढे अळकुड्यांची टोपली सरकवली आणि म्हणाला, “सोल.”

तिथून आल्यापासून खेळ पुन्हा साध्यात केला आहे. इथल्या वाचनालयातल्या सगळ्यात रडक्या यंत्रावर चालवून पाहिला, लगेच उघडला. सगळे मासे परत आणले आहेत, दातवाला आणि एकाच बाजूला दोन्ही डोळे असलेलासुद्धा, कुणाची रेघही सरळ केली नाही. चर्चमधल्या आना मावशी तिकडे येत आहेत, त्यांच्याजवळ पेन ड्राइव्ह आणि हे पत्र देतो. इंटरनेट लागणार नाही. त्या कंपनीतून बोलावणं आलं होतं, मी जात नाही असं कळवलं. यात मोठेपणा नाही; त्या खेळाच्या जोरावर तिथे जाऊन बसायचं धैर्य झालं नाही.

आता एक मागतो. फाहूने नेलेलं परत मागायचं नसतं, हे मला लहानपणापासून शिकवलंय. पण हेनेलीने जे नेलं ते मला परत हवं आहे. कुलूप उघडून घे. त्याच आयांना बोलाव, पाद्रींना बोलाव, लोसेआत्याला पुढच्या रांगेत बसव. आणि मासे दाखवायच्या आधी हे पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाच, ‘असा मी माणूस’ हेही गाळू नकोस.

ज्याने त्या वर्गात तुझी मान खाली घालायला लावली,
तो तुझा भाऊ,
केलेपी