म्हशीला घातलेली सरकी

बाबा, तुमची म्हैसही गेली. घरात तुमची बाजू घेणारं आता कोणी उरलं नाही, म्हणून लिहितोय. धाकटीनं परवा परदेशात बॉक्सिंगची लढत जिंकली. व्यावसायिक, हो, तुम्हाला न आवडणारीच.

नेरच्या शाळेतले तुम्ही व्यायामशिक्षक. जिनिंगमधली सरकी पोत्यात ठासून ते गोठ्याच्या आढ्याला टांगलंत आणि आम्हा दोघा भावंडांना पुढे उभं केलंत. “अंगठा बाहेर ठेव बे! मुठीत दाबला त मोडन!” तिला हे एकदाच सांगावं लागलं, मला रोज. शेवटी वैतागून म्हणालात, “तू संस्कृत शीक. तिथं कोनी मारत नाही.” आमच्या पाठशाळेचे गुरुजी तुम्ही पाहिले नव्हते.

त्या पोत्यावर घाम गाळत ती जिल्हा, राज्य करत भारताच्या जर्सीपर्यंत पोचली. परदेशातून पदक घेऊन उतरली तेव्हा बसस्टँडवर तुम्ही रडलात, वर डोळ्यात धूळ गेली म्हणालात. मग तिनं व्यावसायिक करार केला. गोठ्यात उभी राहून सांगत होती, “बाबा, आता खेळच माही नोकरी.” तुम्ही पोतं खाली काढलंत, उसवलंत, सगळी सरकी म्हशीपुढे ओतलीत. “पैशासाठी मारामारी करनाऱ्याशी मी बोलत नाही,” हेही म्हशीलाच सांगितलंत. तिनं निदान रवंथ करून विचार केला असेल. तुम्ही तेवढंही केलं नाहीत. प्रत्येक लढतीआधी तिचा फोन यायचा, मी तुमच्यापुढे धरायचो, आणि तुम्ही रेडिओ मोठा करायचात. तुम्ही जाईपर्यंत हेच. आणि तुम्ही जन्मभर पगार घेऊन कवायत शिकवलीत, ती कोणत्या शास्त्रात बसत होती?

काल ती घरी आली. डोळ्याखालची सूज उतरली नव्हती. जिंकलेला पट्टा खाटेवर टाकून सरळ गोठ्यात गेली, आढ्याच्या रिकाम्या आकड्याकडे पाहत म्हणाली, “दादा, बाबानं माही लढत पाह्यली असती काय रे?” याचं उत्तर मी कायले द्यायचं? संस्कृतात रागाला शब्दांची ददात नाही. कोप, क्रोध, अमर्ष. काल एकही कामाला आला नाही. तिला एक ‘शाब्बास’ हवं होतं, बाबा. तेही तुम्ही म्हशीला घातलंत.

आज सकाळी ती झोपली असताना सरकी आणली, पोतं भरलं, त्याच आकड्याला टांगलं. तिच्यासाठी. मग तुमचा चेहरा डोळ्यांपुढे आणला आणि जीव खाऊन एक ठोसा मारला.

हे पाठवायला पत्ता नाही तेच बरं. अक्षर पाहून हसला असतात. डाव्या हातानं लिहितोय. अंगठा आत होता.