बशीतली गोळी

मंगळवार पेठ, कोल्हापूर
ऑगस्ट १९७४, गुरुवार

अजून राग जात नाही. दत्तूचे मित्र आले, माझ्या हातचा चहा प्याले आणि माझ्याच धाकट्या भावाचे कान भरून गेले. "गोळ्या खाऊन हात मेला की रे तुझा! कलावंत जरा येडा पायजेच." ते गेले आणि दत्तूने संध्याकाळची गोळी बशीत तशीच ठेवली.

वेडाने चित्रे होत असती तर गेल्या वर्षी घरात रास पडली असती. केले काय त्याने? भिंतीकडे तोंड करून बसला. सिनेमाचा एकच बोर्ड रंगवला, तोही मापासाठी सुताने चौकोन न आखता. नायिकेचा एक डोळा दुसऱ्याच्या दुप्पट. थिएटरवाल्याने परत पाठवला. ही प्रतिभा?

सगळे सुनावले. तो हळूच म्हणाला, "पण अक्का, तवा रंग बोलत हुते माझ्याशी. आता गप हाईत."

खोटा धीर मला देता येत नाही. म्हटले, "राहू देत गप्प. बोर्ड तुला काढायचाय, त्यांना नाही."

हसला. किती महिन्यांनी! गोळी मात्र बशीतच. मग उठला, सूत निळीत बुडवले आणि एक टोक माझ्या हातात दिले. "ताणून धर की. ढिलं सोडलंस तर रेघ वाकडी येती."

धरले. कोऱ्या कापडावर सरळ निळे चौकोन उमटत गेले. शेवटची रेघ झाल्यावर त्याने स्वतःच पाणी मागितले.

बोटांची नीळ अजून गेलेली नाही. बशी मात्र धुऊन पालथी घातली.