सायरबाईंची उपाशी घटपर्णी

१२ जुलै
मेहरूणला पोचलो. धुळ्याहून निघताना अक्का म्हणाली, नवल्या, तू आठ दिनबी टिकाव नही. बघूच. काम ऐकून कुणीही हसेल: किडे खाणारी झाडं सांभाळायची. सायरबाईंच्या नातवानं, रोनकनं, हौसेनं गच्चीवर लावली आणि स्वारी परदेशी शिकायला गेली. घर जैनांचं. जेवण दिवस मावळायच्या आत, कांदा-लसूण नाही. चालेल.

गच्चीवर बारीक जाळीची खोली आहे, मध्ये घटपर्णीची वेल. पानांच्या टोकांना तांब्याएवढे घट लोंबतात, वर झाकण, आत पाणी. किडा घसरून पडला की विरघळतो म्हणे. बोअरचं खारं पाणी तिला सोसत नाही, एसीतून गळणारं बादलीत धरून घालायचं. थाट बघा.

१५ जुलै
कुंड्यांसाठी शेवाळ आणायला रावेरकडे पालच्या डोंगरात गेलो. खडकावर दवबिंदू भेटली, चिकट केसांची इवली लाल झाडं. एक पान मुंगीभोवती मिटत होतं, ते बघत बसलो आणि एसटी चुकली. तिथं प्रत्येक पानावर काहीतरी चिकटलेलं. मग डोक्यात आलं, आपल्या घटांत एकही किडा कसा नाही?

१६ जुलै
बाईजींना, म्हणजे सायरबाईंना, विचारलं. म्हणाल्या, जाळी मीच बांधली, आपल्या घरात जीव मरायला नको. दोन वर्षं तिला मुगाचं पाणी घालतात, गाळून. मी म्हटलं, बाईजी, वाघाला खिचडी चारताय. त्या हसल्या, म्हणाल्या, चार दिवस राहा, मग अक्कल शिकव. हसताना पदर तोंडाला लावला. बोटं गुळगुळीत. टोकांवर रेघाच नाहीत.

२१ जुलै
दुपारी घर झोपलेलं. बाईजी जाळीत, मोठ्या घटात मनगटापर्यंत हात घालून. सामायिकाच्या ध्यानाला बसल्यासारख्या शांत. म्हणाल्या, मुगानं तिचं भागेना. दुसऱ्याचा जीव कशाला द्यायचा, आपला आहे ना.
हात बाहेर आला तेव्हा नखं नव्हती.
त्यांच्या यजमानांना, मदनलालशेठना सांगितलं. ते म्हणाले, साबणानं गेली असतील, आणि दुकानात निघून गेले.

२३ जुलै
जाळीला वरून भोक पाडलं. माश्या आल्या. घटात उतरल्या, फिरून बाहेर आल्या. ती त्यांना घेतच नाही. तिला वेगळी चव लागली आहे.
झाकणं माझ्याकडे वळली. वळू दे.

२४ जुलै
विळा चालवला. वेलीनं पातंच धरलं. ओढलं, तर विळा मुठीसकट घटात गेला. बाईजी रडल्या. माझ्यासाठी नाही, तिला लागलं म्हणून.

२५ जुलै
अक्काचा फोन. म्हणाली, आठ दिवस कधीच उलटले, आता ये, कुणी हसणार नाही. आवाज रडका होता. नाही येत, अक्का. आज बाईजींचा हात कोपरापर्यंत घटात होता. मी गेलो तर उद्या —

२६ जुलै
बाहेरून कुलूप लावून उपयोग नाही, किल्ली बाईजींच्या कमरेला. म्हणून मीच आत बसलो, दाराला आतून तार पिळून. जाळी फाडायला त्यांचे हात चालत नाहीत. वेलीला उपाशी मारायचं. आधी कोण थकतं बघू.
बाईजी बाहेरून विनवतात, बाळा, तिचा उपास सुटू दे.
नाही.

२७ जुलै
सगळे घट माझ्याकडे. एक चप्पल गेली. पाय आहे.

दुपार
वेल मानेला लागते. गार. बरं वाटतं, त्याचीच जास्त भीती —
बाईजी दाराच्या फटीतून बोटं घालून तार उलगडू बघतात. मी पिळतो, त्या उलगडतात. रडतात. रडा, बाईजी.

आता डावा हात तारेवर. उजव्यानं लिहितो. त्यातला कुठला आधी घ्यायचा ते ती ठरवो. तार मी सोडणार ना—