दुसऱ्या अंतऱ्यातला आवाज

प्रिय नंदा,

सप्रेम जयभीम. पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू ते आधी बाजूला ठेवलं असशील, आणि भांडी-बिंडी आवरून मग उघडलं असशील. तुझा फोन नंबर मिळालेला मला. पण फोनवर मी मध्येच विषय बदलला असता. मी मला ओळखते.

आधी बातमी. एकसष्टाव्या वर्षी मी अण्णांच्या रेकॉर्ड प्लेयरचं कार्ट्रिज स्वतःच्या हाताने बदललं. कार्ट्रिज म्हणजे सुई धरणारी ती नखाएवढी डबी. प्लेयर तुला आठवत असेलच. वागळे इस्टेटच्या कंपनीतला जपानी साहेब मायदेशी जाताना अण्णांना देऊन गेलेला, आणि खोपटच्या आपल्या चाळीत तो बघायला रांग लागलेली. आता तो माझ्याकडे डोंबिवलीत असतो. विनीत, माझा मुलगा, म्हणाला, "आई, दुकानात देऊ, तुझ्याने नाही होणार." त्याला काय माहीत, तीस वर्षं शिवणाच्या मशीनवर काढलेली बाई आहे मी. दोन स्क्रू आणि केसासारख्या चार वायरी. भुवयांच्या चिमट्याने एकेक बसवली, सुईची दांडी तराजूसारखी तोलली, सुईचा दाब बरोबर दोन ग्रॅमवर आणला. हात जराही हलला नाही.

खरं तर हे दहा-बारा वर्षांपूर्वीच करायला हवं होतं. विनीत मागे लागलेला. मीच म्हणायचे, अण्णांची वस्तू आहे, आहे तशी राहू दे. यंदा भावाचा रत्नदीप आला. तो विहाराच्या वाचनालयासाठी जुन्या गायन पार्ट्यांची गाणी जमवतोय. अण्णांची ती एकुलती एक रेकॉर्ड त्याने लावली आणि अर्ध्यातच सुई उचलली. म्हणाला, "आत्या, ही झिजलेली सुई रेकॉर्ड खरवडतेय. अजून चार वेळा वाजवलीस तर आजोबांचा आवाज जाईल." त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सकाळी उठून नवीन कार्ट्रिज मागवलं.

रेकॉर्डिंगचा दिवस तू विसरली नसशील. आपण दोघी एकोणीस वर्षांच्या. एकच माइक, अण्णा पुढे, आपण मागे. दुसऱ्या अंतऱ्यातली ती वरची ओळ माझी होती, आणि तीनदा माझा आवाज फाटला. स्टुडिओवाल्याने घड्याळ दाखवलं. चौथ्या वेळी तू कुणालाही न विचारता ती ओळ उचललीस, आणि अशी सोडलीस की ढोलकीवाला महिपत वाजवता वाजवता हसला. रेकॉर्डवर छापून आलं, 'रामा पगारे, सोबत कु. वैशाली आणि पार्टी'. चूक छापणाऱ्याची होती. गप्प बसले ती मी.

लोक म्हणायचे, पोरीने काय सूर लावलाय, आणि मी हसून घ्यायचे. खडवलीच्या कार्यक्रमात लोकांनी तीच ओळ पुन्हा मागितली, तेव्हा मी घसा बसलाय म्हणून सांगितलं. तू शेजारी खंजिरी घेऊन बसलेलीस. पुढच्या कार्यक्रमाला मात्र आली नाहीस, आणि उन्हाळ्यात लग्न होऊन मनमाडला गेलीस. तुझ्या लग्नाला मी ताप आल्याचं कळवलेलं. ताप-बिप काही नव्हता, नंदा. अण्णा एकदाच म्हणाले, "वैशू, नंदाचं नाव घेत जा." मी हो म्हटलं.

जुन्या सुईवर ती ओळ नुसती खरखरायची. आवाज कुणाचा, ते कुणाला कळणार? म्हणून मी ती सुई बदलू देत नव्हते. अण्णांची आठवण हे नुसतं निमित्त होतं.

गेल्या रविवारी सकाळी सगळ्यांना बसवून नव्या सुईवर रेकॉर्ड लावली. अण्णा समोर बसून गातायत असं वाटलं. मग दुसरा अंतरा आला, आणि तू आलीस. स्वच्छ, धीट, एकटी. माझी नात सान्वी लगेच म्हणाली, "आजी, हे तू नाहीयेस." मी म्हटलं, "नाही. ही नंदा." "मग तू काय करत होतीस?" "तोंड हलवत होते." ती हसली, मीही हसले, आणि मग रत्नदीपला, विनीतला, सगळं पहिल्यापासून सांगितलं. सांगताना वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही.

आता पत्राचं कारण. रत्नदीप गाण्यासोबत प्रत्येक गाणाऱ्याचं नाव लिहून ठेवणार आहे. वरच्या ओळीपुढे तुझंच नाव लागेल. फक्त ते माहेरचं लिहायचं की सासरचं, हे तू सांगायचंस. जयंतीला विहारात ही रेकॉर्ड वाजेल, तेव्हा माइकवर उभं राहून मी हे सगळ्यांसमोर सांगणार आहे. आणि माफी मी कागदावर मागत नाही. पुढच्या रविवारी मनमाडला तुझ्या दारात येऊन मागणार आहे. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव. मी येणार.

तुझीच,
वैशू