फळीवरचा सोनेरी डबा

बुधवार, संध्याकाळ

मेकॅनिक सावंतकाकांनी आज जनरेटरचं इंजिन नव्याने बांधून दिलं. आमच्या मासळीच्या कोल्ड रूमचा जीव त्यातच. म्हणून मी हौसेने गोरेगावहून सगळ्यात महागडं सिंथेटिक ऑइल आणलं, मोठा सोनेरी डबा. काकांनी तो माझ्या हातातून घेऊन फळीवर ठेवला. "पिस्टनच्या नव्या रिंगा आधी सिलिंडरला जरा घासून नीट बसू देत गं. हे फार गुळगुळीत, त्या बसायच्याच नाहीत. पहिले पन्नास तास साधं मिनरल ऑइल घाल."

ते तिथे नसते तर? ओतलंच असतं मी. इंजिन पुन्हा त्यांच्याकडेच दुरुस्तीला गेलं असतं, पैसेही त्यांनाच मिळाले असते, तरी त्यांनी आधीच सांगितलं.

मी साधं ऑइल आणून ओतलं, नंतर बाबा बघायला आले. काका म्हणाले, "ऑइल पोरीनेच निवडलंय, बरोबर." सोनेरी डब्यावर तेव्हा गोणपाट टाकलेलं होतं. मी नव्हतं टाकलं.